होडीत बसून सुवर्णदुर्गाला

मे महिन्याची सुट्टी लागली की मुंबई-पुण्याची मंडळी दापोलीकडे धावतात. मुरुड, कर्दे, आंजर्ले... कुठल्याही किनाऱ्यावर जा, पाण्यात डुंबणारी पोरं दिसणारच! पण दोस्तांनो, हर्णैला गेलात तर नुसतं डुंबून परत येऊ नका. समोर बघा. पाण्यातूनच वर आल्यासारखी ती तटबंदी दिसते ना? तोच सुवर्णदुर्ग.

तिथं होडीनंच जावं लागतं. आणि निघायचं कधी, ते तुमचं घड्याळ नाही, भरती-ओहोटी ठरवते. पावसाळ्यात तर नावच काढू नका. होडी वाळूला लागली की चपला हातात घ्यायच्या आणि पाण्यातून चालत सुटायचं. धमाल येते!

किल्ल्याचा महादरवाजा किनाऱ्याच्या बाजूला आहे, पण बुरुजांच्या आड असा लपवलाय की अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. पायरीवर कासव कोरलंय, भिंतीवर मारुती आहे. आत झाडोरा फार, तेव्हा मोठ्यांचा हात सोडू नका.

कान्होजी आंग्र्यांची कारकीर्द याच किल्ल्यावर बहरली. पुढे मराठी आरमाराचे ते सरखेल झाले आणि इंग्रज, पोर्तुगीज, सिद्दी सगळे त्यांना वचकून असत. त्यांच्या मुलाच्या, तुळाजीच्या काळात मात्र आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांचं बिनसलं. इतकं, की पेशव्यांनी चक्क इंग्रजांशी हातमिळवणी केली!

एप्रिल 1755. कमोडोर विल्यम जेम्स ‘प्रोटेक्टर’ हे लढाऊ जहाज घेऊन आला. पेशव्यांची गलबतंही सोबत होती. जेम्सनं आधी समुद्राच्या बाजूनं तोफा डागल्या, मग किल्ला आणि किनारा यांच्यामधल्या पाण्यात शिरून. म्हणजे आपली होडी जाते ना, तिथूनच! आत आग लागली, दारूगोळ्याचं कोठार उडालं आणि किल्ला पडला. किनाऱ्यावरचे गोवा, फत्तेगड, कनकदुर्गही गेले. करारानुसार सुवर्णदुर्ग पेशव्यांना मिळाला खरा, पण पुढच्याच वर्षी विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचं आरमार जळालं. त्यानंतर मराठ्यांचा समुद्रावर तसा दरारा राहिला नाही.

आता एक गंमत. जेम्स वारल्यावर त्याच्या बायकोनं 1784 मध्ये लंडनजवळच्या एका टेकडीवर त्याची आठवण म्हणून तिकोनी मनोरा बांधला. नाव काय ठेवलं? ‘सेव्हर्नड्रूग’! सुवर्णदुर्गच हो, फक्त साहेबाच्या जिभेवरचा. तो मनोरा आजही उभा आहे.

आपला सुवर्णदुर्ग 2025 मध्ये इतर अकरा किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. तेव्हा वेफर्सची रिकामी पाकिटं तटावर नकोत, परत आणा. आणि होडीवाल्या काकांनी हाक मारली की लगेच निघा. ओहोटी कुणासाठी थांबत नाही, शिवाय संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव असतो, तो चुकेल!