तेलाचा डबा आणि अडलेला काटा

वजन अडलं की बाईमाणूस आधी थायरॉइडवर संशय घेतं. मीही घेतला. रक्त तपासून आले, रिपोर्ट नॉर्मल निघाला आणि आनंद व्हायचा तर मी चक्क खट्टू झाले. दोष द्यायला कुणी उरलंच नव्हतं.

तोवर ७८ वरून ७० किलोवर मी फारशी तोशीस न लागता आले होते. रात्रीचा भात बंद, फरसाण बंद, चहा दोनदाच आणि सकाळी तळजाईच्या टेकडीवर चालणं. मग काटा सत्तरवर बसला तो बसलाच. त्यावर मी जे जे उपाय केले ते आता सांगायलाही लाज वाटते. आधी दोन पोळ्यांची एक केली. मग रात्रीचं जेवणच सोडलं. मग गुरुवार धरला, दत्तावरच्या श्रद्धेपेक्षा काट्यावरच्या रागाने जास्त. आणि उपासाला काय, तर साबुदाण्याची खिचडी! साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात मूठमूठ दाण्याचा कूट, वर साजूक तूप. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं, तुला नुसता वास घेतला तरी अंगाला लागतं." ते मला फार पटलं. दोष अंगातच आहे म्हटल्यावर हिशेब कशाला ठेवायचा?

वजनही रोज करायचे. आदल्या रात्री लोणचं-पापड झालं की सकाळी काटा पाऊण किलो वर जायचा. ते मिठाने धरून ठेवलेलं पाणी, चरबी नव्हे, एवढं शाळेतल्या पोरालाही समजेल. मला मात्र दिवसभर पुरेल एवढी चिडचिड त्यातून मिळायची.

पुढे लेकाने एक साधी गोष्ट समजावली. शरीर हलकं झालं की त्याचा रोजचा खर्चही उतरतो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तेव्हा काम करणाऱ्या केव्हिन हॉल यांनी २०११ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याचं गणित मांडलं होतं. ढोबळमानाने, उतरलेलं एकेक किलो तसंच टिकवायचं तर रोजच्या खाण्यात सुमारे २४ कॅलरींची कपात कायमची ठेवावी लागते. माझे आठ किलो म्हणजे दिवसाला १९० कॅलरी. म्हणजे ७८ किलोच्या बाईला ज्या जेवणाने वजन उतरवून दिलं, तेच जेवण ७० किलोच्या बाईला जवळजवळ पुरेसं होतं. त्यात हात जरा सैल सुटला की संपलंच.

हात सुटला होता, पण मी ते मानायला तयार नव्हते. आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेल्या वहीत मी इमानाने 'भाजी १ वाटी, आमटी १ वाटी' लिहीत होते. त्या भाजीत तेल किती, हे लिहायचं सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं, लिहिलं नाही. कूट तर मी धरतच नव्हते; कोशिंबिरीतला कूट हा काय खाण्यात मोजायचा पदार्थ आहे? यात मी एकटी नाही, एवढंच समाधान. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी 'आम्ही कमी खातो, तरी वजन उतरत नाही' म्हणणाऱ्या माणसांचं खाणं प्रत्यक्ष मोजून पाहिलं. त्यांनी आपलं खाणं सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगितलं होतं आणि अंगमेहनत ५१ टक्क्यांनी जास्त.

मग एका रविवारी ओट्यावर वजनकाटा मांडला. फोडणीला मी अंदाजाने घालते ती पळी त्यावर रिकामी केली. २५ ग्रॅम तेल. ग्रॅमला नऊ कॅलरी धरल्या तर सव्वादोनशे, आणि अशा पळ्या दिवसात भाजीला एक, आमटीला एक, शिवाय पोळ्यांना लावायचं वेगळंच. तरी मन म्हणे, आज जास्त पडलं असेल. म्हणून डब्याचा हिशेब केला, कारण डबा खोटं बोलत नाही. पाच लिटरचा डबा आम्हा तिघांत महिन्याला संपतो. माणशी दिवसाला सुमारे ५० ग्रॅम, म्हणजे साडेचारशे कॅलरी. मी पोळी मोजत होते आणि तेल ओतत होते. तळजाईची तासाभराची चाल दोन-अडीचशे कॅलरींच्या घरात जाते, आणि तिच्यावरही मी खाली उतरून अमृततुल्यचा चहा आणि खारी वसूल करत होते.

दुसरी चूक काट्यालाच सर्वस्व मानण्याची. आपल्याच पुण्यात केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबरचा स्वतःचा फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला होता. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपली अंगकाठी अशी फसवी. उपाशी राहून मी चरबीबरोबर स्नायूही घालवत होते आणि डंबेल्सना 'या वयात कुठे' म्हणून हात लावत नव्हते.

आता डबा दोन महिने पुरतो. पोळ्या पुन्हा दोन झाल्या, मटकीची उसळ आणि ताक वाढलं, रात्री जेवते, आठवड्यातून दोनदा डंबेल्स उचलते. वजन ६७ आहे. कंबर ८४ सेंटीमीटर; भारतीय बायकांसाठी मर्यादा ८० ची आहे, तेव्हा काम बाकी आहे.

एक मात्र सांगते. मी रक्तदाबाची गोळी घेते, आणि रात्रीचं जेवण सोडल्याच्या दिवसांत तळजाईच्या उतारावर मला एकदा चांगलीच भोवळ आली होती. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर जेवण गाळण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. आणि पोळीला हात लावण्याआधी घरातला तेलाचा डबा किती दिवस पुरतो, ते बघा.