फेसाखालचा हिशेब

ताजी बिअर प्रवासात नासते. एवढं कळलं की छोट्या ब्रुअरीच्या अंगणात शनिवारी शेतमालाचा बाजार का भरतो आणि रविवारी गाणं का होतं, हे वेगळं सांगावं लागत नाही. मोठ्या कारखान्यातली बिअर गाळून, पाश्चराइज करून बाटलीबंद होते आणि महिनोन्‌महिने टिकते. आमच्या बिअरमध्ये यीस्ट जिवंत असतं. ऊन, हवा, हेलकावे तिला मानवत नाहीत. शिवाय मायक्रोब्रुअरीचा परवाना मुख्यतः जागेवरच विकण्याचा. माल गिऱ्हाइकाकडे जात नाही, तेव्हा गिऱ्हाइकानं मालाकडे यायला हवं. नुसत्या ग्लाससाठी माणूस फार काळ येत नाही. तो खायला येतो, ऐकायला येतो, चार माणसांत बसायला येतो.

मी मूळचा वऱ्हाडातल्या परतवाड्याचा, बिअर बनवतो पुण्यात. या शहरात 2009 साली ‘डूलॅली’ सुरू झाली आणि टाकीतून थेट ग्लासात येणारी बिअर लोकांनी पहिल्यांदा चाखली. 2014 मध्ये मुंढव्यात ‘इंडिपेन्डन्स’ आली. गिऱ्हाईक नुसत्या ग्लाससाठी येत नाही, हे नाशिकच्या द्राक्षवाल्यांनी आधीच ओळखलं होतं. 2008 पासून ‘सुला’ या वाइनवाल्यांच्या मळ्यात संगीताचा महोत्सव होऊ लागला आणि वाइन न पिणारेही तिथे पोचले. ब्रुअरीनं कलेला हात द्यावा हे तसं जुनंच. कोपनहेगनच्या बंदरातली प्रसिद्ध जलपरी 1913 साली शहराला भेट दिली ती कार्ल याकोबसेन या बिअरवाल्यानं. त्याच्या वडिलांनी, कार्ल्सबर्गच्या संस्थापकानं, 1875 मध्ये प्रयोगशाळा काढली. तिथेच 1883 साली एमिल हान्सेननं शुद्ध यीस्ट वेगळं केलं आणि ते गुपित न ठेवता जगाला देऊन टाकलं. आज आम्ही एकसारखी बिअर बनवू शकतो, ती त्या औदार्यामुळे.

आपल्याकडे मात्र दात्याला नाव मिरवता येत नाही. दारूची जाहिरात कायद्यानं बंद आहे. महाराष्ट्रात बिअर प्यायला वयाची 21 वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणून जिथे मुलंबाळं येतात त्या कार्यक्रमात आमचा फलक नसावा, हे योग्यच. व्यवसायातले काही जण याबद्दल कुरकुरतात. मला ही अट सोयीची वाटते. फलक लावता येत नाही, तेव्हा मदत दोनच ठिकाणी दिसते: कलावंताच्या मानधनात आणि शेतकऱ्याला दिलेल्या भावात.

भावाचं आधी सांगतो. बिअरचं जव आपल्याकडे राजस्थान-हरियाणातून येतं, हॉप्स बहुतेक परदेशातून. म्हणजे ‘स्थानिक’ म्हणवणाऱ्या बिअरमध्ये स्थानिक बहुधा पाणीच. इथे वऱ्हाड कामी येतं. बेल्जियमच्या गव्हाच्या बिअरमध्ये संत्र्याची साल आणि धणे घालण्याची जुनी रीत आहे. ती मरायला टेकली होती, 1966 मध्ये पिएर सेलिस या दूधवाल्यानं हूगार्डन गावात ती पुन्हा जिवंत केली. अचलपूर, मोर्शी, वरूडच्या संत्र्याची साल सैल आणि तेलानं भरलेली. आतला पांढरा पापुद्रा खरवडून उकळीच्या शेवटच्या काही मिनिटांत ती टाकली की वास टिकतो आणि कडवटपणा येत नाही. आंबिया बहाराचं जे बारीक, डागाळलेलं फळ व्यापारी बाजूला सारतो, त्याची सालही तितकीच सुगंधी असते. तेच फळ आम्ही चांगल्या फळाच्या भावानं घ्यावं.

ज्वारीचं काम जास्त चिकट. जवातला स्टार्च 65 अंशांच्या आसपास मोकळा होतो. ज्वारी सत्तरीपलीकडे नेल्याशिवाय दाद देत नाही, आणि तेवढ्या उष्णतेत स्टार्चची साखर करणारी जवातली विकरं मरू लागतात. म्हणून ज्वारी आधी कण्यांसारखी वेगळी शिजवायची, निववायची, मग जवात मिसळायची. वेळ आणि गॅस दोन्ही जास्त लागतात. पण नायजेरियानं 1988 साली जवाची आयात बंद केली तेव्हा तिथल्या मोठमोठ्या ब्रुअऱ्या ज्वारीवरच चालल्या. करायचं म्हटलं तर होतं.

हे सगळं गावी सांगितलं तेव्हा मामा म्हणाले, “भाच्या, गाडगेबाबाच्या मुलखात बिअरच्या गोष्टी कायले सांगतं?” हा प्रश्न टाळून या विषयावर लिहिणं खोटेपणाचं. बाबांचा जन्म 1876 चा, परतवाड्यापासून फार दूर नसलेल्या शेंडगावचा. त्यांचे वडील दारूपायी अकाली गेले आणि बाबांनी आयुष्यभर कीर्तनातून दारूवर कोरडे ओढले. हातभट्टीनं उठलेली घरं वऱ्हाडात आजही आहेत. कमी अल्कोहोलची बिअर म्हणजे वेगळंच काहीतरी, असं म्हणून मला सुटता येत नाही. माझा धंदा दारूचाच.

आणि मेळे कसे भरवावेत हे या मुलखाला माझ्याकडून शिकायचं नाही. परतवाड्याहून बैतूलच्या रस्त्यावर बहिरमची यात्रा भर थंडीत महिनाभर चालते. मातीच्या हंडीत मटण शिजतं, गोवऱ्यांवर रोडगे भाजले जातात. एकेकाळी तमाशाचे फड रात्र जागवत. वर मेळघाटात दिवाळीनंतर घुंगरू बाजार भरतात. यातल्या कशालाही प्रायोजक ब्रुअरी लागली नाही.

म्हणून मामांना दिलेलं उत्तर हे: ब्रुअरी मी परतवाड्यात आणणार नाही. परतवाड्याची संत्री आणि ज्वारी पुण्यात नेईन, पैसे रोख आणि वेळेवर देईन. तिथल्या रंगमंचावर इकडचा कलावंत आला तर त्याचं मानधन गल्ल्यावर अवलंबून ठेवणार नाही. बिअर कमी खपली म्हणून त्याचं पाकीट हलकं होता कामा नये. कार्यक्रम निवडताना माझी कसोटी एकच आहे. बिअरचा नळ बंद केला तरी लोक खुर्च्या सोडणार नाहीत, अशाच कार्यक्रमाला पैसे द्यायचे. बाकीच्यांना ब्रुअरीनं आश्रय दिला असं म्हणू नये. तिथे तिनं फक्त गिऱ्हाईक गोळा केलेलं असतं.