कारवीचा कूड

२०२४च्या पावसाळ्यात बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कारवी फुलली आणि बघ्यांची रीघ लागली. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणारी ती. २०१६चा बहर हुकला होता म्हणून मीही गेले. जांभळ्या उतारांचे फोटो तुम्ही पाहिले असतीलच. मला मात्र सारखा कूड आठवत राहिला.

कारवीच्या वाळक्या काठ्या शेजारी शेजारी उभ्या बांधायच्या, वरून शेणमातीने लिंपायच्या, की झाली भिंत. याच जंगलातल्या आदिवासी पाड्यावर भाजीवाल्या मावशींचं घर असंच होतं. आईची त्यांची ओळख भाजीवरून झालेली. पहिल्या पावसानंतर त्या स्टेशनाबाहेर शेवळं ही रानभाजी घेऊन बसत. सोबत काकडाची मूठभर फळं न मागता देत, कारण त्यांच्याशिवाय शेवळांची खाज जात नाही. पैसे देऊनही आईला ते देणं उपकारासारखं वाटे.

एकदा दिवेलागणीला आम्ही त्यांच्या अंगणात बसलो होतो. कुत्री एकाएकी गप्प झाली. मावशींनी हातातलं सूप खाली ठेवलं, आम्हाला आत घेतलं, दार ओढलं. "वाघ हाय. त्याची वाट हाय ती, जाईल," एवढंच म्हणाल्या. बिबट्याला त्या वाघच म्हणत. लिंपण सुटलेल्या फटीतून बाहेरचा उजेड विझताना दिसत होता. माझ्या पाठीवर त्यांचा खरखरीत हात होता, आणि तो हात तिथे असेपर्यंत मला भीती वाटली नाही.

२००४च्या सुमारास इथे बिबट्यांचे हल्ले वाढले, तेव्हा पकडून दुसरीकडे सोडणं हाच उपाय मानला जाई. परक्या जागी सोडलेला बिबट्या उलट जास्त घातक ठरू शकतो, हे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिलं. वाघोबाला पुजणाऱ्या पाड्यांना त्याच्या वाटा ठाऊक होत्या. त्यांना विचारलं कोणी?

त्याआधी, १९९७मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उद्यानातली अतिक्रमणं हटवण्याचा आदेश दिला होता. झोपड्या वाढल्या होत्या, जंगल तुटत होतं, तो आदेश गरजेचा होता. पण मावशींकडेही राहत्या घराचा कागद मागितला गेला. त्यांच्याकडे कागद नव्हता. काही वर्षांनी गेले तेव्हा घराच्या जागी नुसता चौथरा होता. त्या कुठे गेल्या, हे मला कुणीच सांगू शकलं नाही. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल मुंबईला पाणीही देतं. १८६०चा विहार आणि १८७९चा तुळशी, दोन्ही तलाव याच्याच कुशीतले. आता याच्या पोटातून ठाणे-बोरिवली जुळा बोगदा निघाला आहे. वरचं झाड तुटणार नाही, म्हणून हा विकास शाश्वत, असं सांगतात. डोंगरातल्या झऱ्यांचं काय होतं, हे पाड्यावरच्या बायकांना सगळ्यांत आधी कळेल. त्यांच्या विहिरींची नोंद काम चालू असतानाच ठेवा. आणि राहत्या जागेचा हक्क देणारा वनहक्क कायदा २००६चा आहे. पाड्यांचे दावे आता तरी निकाली काढा.