धामणीच्या दांड्या

आमचा छकडा आजोबांनी बांधून घेतला. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावला जाणाऱ्या रस्त्यालगत आमचं गाव आहे, भाताचं आणि पावसाचं. घरात तेव्हा गाड्या दोन होत्या. एक भाताचे भारे, शेणखत आणि सरपण वाहणारी जड गाडी. दुसरा हा छकडा, आखूड साट्याचा आणि हलका, पौष पौर्णिमेला म्हसाच्या जत्रेला जायचा आणि शर्यतीला धरायचा. ट्रॅक्टर आला तशी जड गाडी विकली गेली. छकडा मात्र कोणी विकू दिला नाही. वडिलांच्या मागे तो माझ्याकडे आला आणि त्याची सगळी कामंही माझ्याकडे आली.

आजोबांनी लाकूड कसं निवडलं होतं, ते मला पुढे दुरुस्ती करताना कळत गेलं. दांड्या धामणीच्या, कारण धामण वाकते पण सहजी मोडत नाही. आस धावड्याची, शिवळा म्हणजे जुवाच्या खुंट्या खैराच्या, साटा सागाचा. ही सगळी झाडं माहुली किल्ल्याच्या पायथ्यापासून माळशेजपर्यंतच्या रानात मिळतात. चाकाचा मधला तुंबा आणि त्यात बसणारे आरे तेवढे बाभळीचे, आणि ती बाभूळ घाटावरून आणलेली. प्रत्येक झाडाचा गुण ओळखून त्याला त्याची जागा देणारा माणूस शाळेत किती शिकला होता, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

लहानपणी छकड्याशी माझा संबंध वंगणापुरता होता. एरंडेलात जाळलेल्या पेंढ्याची काजळी खलायची, कुणी म्हणजे आसाच्या टोकाची खीळ काढायची, चाक हातभर बाहेर ओढायचं, आस पुसून घ्यायची आणि वंगण भरायचं. हात दोन-दोन दिवस काळे राहत. आजी ओरडायची, आजोबा हसायचे. शर्यतीच्या आदल्या रात्री हे काम दुसऱ्या कोणाला देत नसत. चाकाने आवाज केला तर बैलाला त्याची ओढ आधी कळते, माणसाला नंतर, असं त्यांचं म्हणणं होतं.

सगळ्यात मोठं काम धाव चढवण्याचं. ते लोहार आणि सुतार दोघं मिळून करत आणि त्या दिवशी आम्ही पोरं शाळेला जात नसू. धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, आणि ती मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवलेली असते. गोवऱ्यांचं कडं रचून त्यात ती तापवायची. तीनेक मीटर घेराची धाव लालभडक झाली की दोन-तीन सेंटीमीटर वाढते. तेवढ्याच सवडीत ती चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची, चारी बाजूंनी घण घालायचे आणि लाकूड पेट घेण्याआधी पाणी ओतायचं. लोखंड आवळतं, चाकाच्या कडेचे लाकडी पुठ्ठे एकमेकांवर दाबले जातात, आरे तुंब्यात आणखी खोल जातात. एकही खिळा न मारता सगळं चाक एकजीव होतं. मी पुढे विज्ञान शिकलो, शिकवलंही, पण उष्णतेने धातू प्रसरण पावतात हे वाक्य फळ्यावर लिहिताना माझ्या नाकाशी गोवऱ्यांचा धूर असायचा.

छकडा हाकायला मला वडिलांनी शिकवलं. आमच्याकडची शर्यत बिनजोड असते. भात काढल्यावर मोकळ्या झालेल्या खाचरांचे बांध सपाट करून धावपट्टी करायची, दोन छकडे शेजारी शेजारी सुटायचे, जो आधी पोचेल तो जिंकला. पाहणाऱ्याला त्यात बैल आणि धूळ एवढंच दिसतं. पण गाडीवानाचं खरं काम वजनाचं असतं. तो पुढे सरकला की गाडी धुराळ होते आणि जू मानेवर बसतं. मागे रेलला की उलाळ होते, जू वर उचलतं आणि जोती बैलांच्या गळ्याशी आवळतात. दोन्हींच्या मध्ये एक जागा असते, तिथे जू मानेवर नुसतं टेकलेलं राहतं आणि बैल मोकळा श्वास घेऊन पळतो. ती जागा बैलांच्या जोडीगणिक, जमिनीच्या चढउताराप्रमाणे बदलते. वडील म्हणायचे, “डोळे पुढे ठेव, पण बस ढुंगणाने समजून.” इतकं नेमकं मला नंतर कोणी काही शिकवलं नाही.

बैलांचं म्हणाल तर आमच्या भागाचा बैल डांगी. अंगावर तेलकट तकाकी, टणक काळे खूर, आणि कितीही पाऊस कोसळला तरी चिखलात न थकणारा. भाताच्या शेतीला त्याच्यासारखा नाही. पण तो पळणारा नव्हे. शर्यतीसाठी लोक खिल्लार आणत, माण, आटपाडी, सांगोल्याकडचा, लांब पायांचा आणि तापट. वडिलांनीही आणला. दमट हवेत तो सुरुवातीला कोमेजला. त्याला पावसाळ्यात कोरडी जागा मिळावी म्हणून आईने गोठ्याची अर्धी बाजू नव्याने लिंपून घेतली होती. शर्यतीतलं यश गाडीवानाच्या नावावर लिहिलं जातं. आमच्या घरी मात्र बैलाची पेंड, उडदाची भरड, अंग चोळणं हे सगळं आईच्या हाताखाली चाले.

7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतींवरही बंदी घातली. राज्याने 2017 साली कायद्यात दुरुस्ती केली, पण प्रकरण पुन्हा न्यायालयात अडकलं. अटी घालून परवानगी मिळाली ती 16 डिसेंबर 2021 ला, आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. बंदीच्या साडेसात वर्षांत गावोगावचे गोठे रिकामे झाले. शर्यत नाही तर खिल्लार पोसायचा कशासाठी, हा हिशेब चुकीचा नव्हता. आमचाही बैल गेला. छकडा चाकं काढून पडवीत उभा राहिला.

लाकडी गाडी वापरली नाही तर टिकते, हा शहरी समज आहे. आमच्याकडे चार महिने हवेत पाणी असतं आणि चैत्र-वैशाखात तीच हवा लाकूड सुकवते. चालत्या गाडीची चाकं उन्हाळ्यात रात्रभर नदीत भिजत ठेवतात, वरचेवर तेलपाणी होतं. उभ्या गाडीकडे कोण बघतो? बंदी उठली तेव्हा आरे बोटाने हलत होते, धाव सैल पडली होती, साट्याच्या एका फळीत किड्यांनी भोकं केली होती. दांड्या मात्र तशाच होत्या, हात लावला तर लवत होत्या.

दुरुस्तीला माणूस शोधायला मला मुरबाडपासून डोळखांबपर्यंत फिरावं लागलं. फर्निचर करणारे सुतार पुष्कळ, पण आरे भरणारा सापडला तो सत्तरीच्या पुढचा. लोहाराने धाव कापली, बोटभर कमी करून सांधली. गोवऱ्या आम्ही घरच्या रचल्या. करंजाचं तेल पाजून सगळं लाकूड पुन्हा काळसर झालं. या कामात माझी मुलगी पहिल्या दिवसापासून होती. तिने धाव चढवतानाची प्रत्येक पायरी वहीत काढून ठेवली आहे, मापांसकट.

आता शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्य बैल तपासतो, काठी, पराणी, विजेचा झटका यांना मनाई आहे. या अटींवर आमच्याकडे कुरकुर होते. मला त्या पटतात. पूर्वी मैदानात पराणी चालत असे, बैलाच्या पाठीवरून रक्त आलेलं मी पाहिलेलं आहे, आणि न्यायालयाने बोट ठेवलं ते दुखणं खरं होतं. टोचून पळवलेल्या बैलामागे छकडा कसा बांधलाय, गाडीवान कसा बसलाय, याला काही किंमतच उरत नाही. काठी काढून घेतली की बैलाची निगा, जुवाचा तोल आणि चाकाचं वंगण यांवरच निकाल लागतो. माझ्या आजोबांना जी शर्यत कळत होती ती हीच.

हल्ली लोखंडी पाइपचे, बेअरिंगवर फिरणारे छकडे धावतात. हलके असतात, बैलाला सोपे जातात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी विनंती शहापूर-मुरबाडच्या मैदानांच्या आयोजकांना आहे. दिवसाच्या सुरुवातीला एक फेरी लाकडी चाकांच्या जुन्या छकड्यांची ठेवा. तिला बक्षिसाची रक्कम नसली तरी चालेल. फक्त मानाचा नारळ गाडीमालकाला न देता, ते चाक ज्याने भरलं त्या सुताराला आणि धाव ज्याने चढवली त्या लोहाराला द्या, आणि त्यांच्या हाताखाली शिकायला गावातली दोन पोरं त्याच मैदानात नेमून द्या. ही माणसं अजून आहेत, तोवर हे करता येईल.