दिवाडीच्या शेतांतील चतुर

पावसाचा जोर ओसरला, भातांची कणसे बाहेर पडली आणि शेतांवर चतुरांचे थवे तरंगू लागले, की मरियामातेच्या जन्माचा ८ सप्टेंबरचा सण जवळ आला, असे गोव्यात समजावे.

याच दिवसांत जुन्या गोव्याहून फेरीबोटीने मांडवी ओलांडून आम्ही दिवाडी बेटावर उतरलो. धक्क्यापासून पिएदादच्या टेकडीकडे जाणारा रस्ता खाजन शेतांमधून जातो. पूर्वजांनी बांध घालून खारे पाणी अडविले, मानशी बसविल्या. पावसाने मीठ धुऊन निघाले की येथे भात पिकते.

बांधावर थांबून आम्ही नीट न्याहाळले. चतुर बसतो तेव्हा पंख पसरून ठेवतो. त्याची नाजूक बहीण टाचणी बहुधा ते पाठीवर मिटून घेते. एका नराच्या पंखांचा बुंधा काळा, त्यापुढे दुधी पट्टा आणि टोक काचेसारखे पारदर्शक होते. वर घिरट्या घालणारे पिवळसर चतुर तर थोर प्रवासी! मालदीव बेटांवर ऑक्टोबरपासून उतरणारे त्यांचे थवे भारताकडून येतात व पुढे पूर्व आफ्रिकेकडे जातात, असे चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९ साली मांडले. बोटाएवढ्याही नसलेल्या जिवास निर्मात्याने केवढे बळ दिले आहे!

या जिवाचे बालपण मात्र पाण्यातच जाते. चतुराचे पिल्लू आपला खालचा ओठ झटकन पुढे फेकून डासांच्या अळ्या पकडते, आणि मोठा झालेला चतुर उडते डास टिपतो. तो कोणास डंख करीत नाही. असा हा शेतकऱ्याचा बिनपगारी राखणदार आहे.

परंतु तळी बुजली, बांध फुटून शेतात खारे पाणी शिरले, किंवा औषधांची बेसुमार फवारणी झाली, तर ही पिल्ले वाचावीत कशी? पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात जीवजातींच्या नाशाबद्दल सर्वांस सावध केले आहे. ती सूचना आपल्या शेताच्या बांधापर्यंतही पोहोचावी.

म्हणून आईबापांस आमची विनंती आहे. मुले चतुराच्या शेपटीस दोरा बांधू लागली, तर त्यांस प्रेमाने थांबवावे आणि तळ्याकाठी नेऊन तो जीव मोकळा उडताना दाखवावा. घराजवळचे तळे बुजू देऊ नये. मरियेच्या चरणी फुले वाहणारे हात तिच्या पुत्राच्या पित्याने घडविलेल्या जिवांस जपणारेही असावेत.