सहलीत घुसडलेला मलिक अंबर

आमच्या शाळेच्या सहलीची यादी वर्षानुवर्षं ठरलेली: वेरूळ, घृष्णेश्वर, देवगिरीचा किल्ला, भद्रा मारुती, वेळ उरलाच तर पाणचक्की. चुडाव्याहून प्रासंगिक करारावरची एस.टी. भल्या पहाटे निघते आणि जिंतूर, मंठा, जालना मागं टाकेपर्यंत पोरांचे अर्धे डबे संपलेले असतात. या यादीत मी यंदा खुलताबादची मलिक अंबरची कबर घुसडली. चालक म्हणाला, "गुरुजी, तिकडं कोन जातंय? पोरं बोर होतेत." पोरं तशीही कंटाळतातच, म्हटलं इथं कंटाळू द्या.

दोन घुमट. मोठा अंबरचा, शेजारचा लहान त्याच्या बायकोचा, करीमाबीबीचा. सावलीला बसवून मी सांगायला लागलो. सोळाव्या शतकाच्या मध्यावर इथिओपियात जन्मलेला हा मुलगा. लहानपणीच विकला गेला. अरबस्तान, बगदाद असे बाजार पालटत शेवटी दख्खनला आला. अहमदनगरच्या निजामशाहीतला वजीर चंगीझखान यानं त्याला विकत घेतलं. हा चंगीझखानही हबशीच, म्हणजे आफ्रिकेतून आलेला. तो वारल्यावर अंबर मोकळा झाला आणि थोडे घोडेस्वार गोळा करून शिपाईगिरी करू लागला.

सातवीतली एक मुलगी मधेच म्हणाली, "सर, पन त्याला कुणी विकलं? मायबापानं?" तसे निरनिराळे दाखले मिळतात, असं मी म्हणालो, पण पुढची पाच मिनिटं कुणी चिवड्याची पुडी वाजवली नाही.

१६०० साली अकबराच्या फौजेनं अहमदनगरचा किल्ला घेतला. राज्य बुडालं असं दिल्लीनं धरून टाकलं होतं. अंबरनं परांड्याला निजामशाही घराण्यातल्या दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवलं आणि पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं मोगलांना दख्खन गिळू दिली नाही. समोरासमोर भिडायचं नाही, रसद तोडायची, डोंगरात ओढून न्यायचं. ही लढाई तो मराठा स्वारांच्या जोरावर लढला. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत तर त्यानं तलावाचं पाणी सोडून शत्रूची छावणी चिखलात रुतवली. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं होते, त्यांचे भाऊ शरीफजी तिथंच पडले. जहांगीर त्याच्यावर इतका जळायचा, की अंबरच्या कापलेल्या मुंडक्यावर आपण बाण मारतोय असं चित्रच त्यानं काढून घेतलं. प्रत्यक्षात ते मुंडकं त्याला कधी मिळालं नाही. हे ऐकून पोरं जाम खूश झाली.

मला मात्र लढायांपेक्षा त्याचं पाणी मोठं वाटतं. खडकी नावाच्या खेड्याच्या जागी १६१० मध्ये त्यानं शहर वसवलं. पुढं ते फतेहनगर झालं, मग औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. उत्तरेकडच्या डोंगरातलं झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बांधीव नहरीतून, निव्वळ उताराच्या जोरावर, त्यानं या शहरात आणलं. हवा खेळावी, गाळ काढता यावा म्हणून ठरावीक अंतरावर वर उघडणारी तोंडं ठेवली. ना मोटार, ना वीज. उन्हाळ्यात हापशावर घागरी लावून बसणाऱ्या पोरांना हे समजावून सांगावं लागलं नाही. "सर, आपल्याकडं कामून नाही केलं?" एवढंच एकानं विचारलं. जमीन मोजून, तिची प्रत ठरवून शेतसारा बांधण्याची त्याची पद्धतही मराठी मुलखात पुढं कितीतरी काळ नावाजली गेली.

परतताना भडकल दरवाजाजवळ गाडी थांबवली. मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून हा दरवाजा त्यानं बांधला, असं सांगतात. आज तिथं बाबासाहेबांचा पुतळा आहे आणि १४ एप्रिलला सगळं शहर तिथं लोटतं. त्या गर्दीला शेजारच्या कमानीचा मालक कोण, हे सांगायला मात्र कुणी थांबत नाही.

गुलामीविरुद्धच्या लढ्याशी आपलं नातं तसं जुनं. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती काळ्या गुलामांना मोकळं करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डु बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहिलं. त्याच अमेरिकेत कार्टर वुडसन या इतिहासकारानं १९२६ मध्ये आपल्या लोकांच्या इतिहासाचा आठवडा सुरू केला. त्याचे आईवडील गुलामीत जन्मलेले. आज तिथं अख्खा फेब्रुवारी त्यासाठी असतो. अंबर वारला १६२६ च्या मे महिन्यात, म्हणजे त्या आठवड्याच्या जवळजवळ तीनशे वर्षं आधी. सातासमुद्रापलीकडच्या गुलामांबद्दल आपल्याला एवढा कळवळा, आणि विकत आणलेल्या ज्या माणसानं मराठवाड्याचं सर्वांत मोठं शहर उभं केलं, त्याच्या कबरीकडं सहलीची गाडी वळत नाही, हे मला खटकतं.

परत आल्यावर आम्ही वर्गाच्या भिंतीवर मराठवाड्याचा कालपट लावला. त्यात अंबरचं नाव पाहून एक सहकारी म्हणाले, "अंबरही सिद्दीच, आणि सिद्दी तर महाराजांचे वैरी. जंजिरा विसरलात काय?" विसरलो नाही. पण अंबर जंजिऱ्याचा नव्हे, आणि पन्हाळ्याच्या वेढ्याच्या वेळी सिद्दी हिलाल महाराजांच्याच बाजूनं लढला, हेही त्यांना सांगितलं. बराच वेळ वाद चालला. त्यांचं पुरतं समाधान झालं नाही, पण पुढच्या सहलीला स्वतः यायचं कबूल केलंय. अट एकच: आधी भद्रा मारुतीचं दर्शन, मग तुमचा अंबर.