अंकाच्या तळाशी

शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात एक ओळ असते. हे पत्र मालक, मुद्रक, प्रकाशक अमुक यांनी तमुक मुद्रणालयात छापून येथे प्रसिद्ध केले. तालुक्याचा वार्ताहर म्हणून मी बारा वर्षे रोज अंक उघडला. स्वतःची बातमी कुठे लागली ते पाहायचे आणि अंक मिटायचा. ती ओळ कधी वाचली नाही. आता आधी तीच वाचतो.

*

आमच्या नगर जिल्ह्यातले जुने नियतकालिक म्हणजे 'ज्ञानोदय'. 1842 मध्ये अमेरिकन मराठी मिशनने ते इथे सुरू केले. मालक कोण आणि हेतू काय, दोन्ही उघड होते. ज्याला ख्रिस्ती मत पटत नसे तो सावधपणे वाचायचा आणि वाद घालायचा. फुल्यांच्या शाळेतल्या 14 वर्षांच्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध 1855 मध्ये याच 'ज्ञानोदया'त छापून आला. मिशनचे पत्र म्हणून ते बाजूला टाकणाऱ्याला मुक्ताही भेटली नसती.

*

तरवडी हे नेवासे तालुक्यातले गाव. मुकुंदराव पाटलांनी 1910 मध्ये 'दीनमित्र' साप्ताहिक काढले आणि पुढे या गावातून चालवले. खेड्यात छापखाना बसवायचा, कागद आणि शाई शहरातून आणायची, खिळे जुळवणारी माणसे गावातच तयार करायची. ते दिवस डोळ्यांपुढे आणले की आजच्या आमच्या तक्रारी लहान वाटतात. मुकुंदराव कृष्णराव भालेकरांचे चिरंजीव. भालेकरांनी 1877 मध्ये पुण्यात 'दीनबंधू' काढला होता, म्हणजे वृत्तपत्र घरातूनच आलेले. 'दीनमित्र' सत्यशोधकांचा होता आणि तसे सांगत होता. सावकार, भिक्षुक आणि कुळकर्णी यांच्या जाचाबद्दल त्याने सरळ लिहिले. 1913 मध्ये मुकुंदरावांनी 'कुलकर्णी लीलामृत' लिहिले, तेही याच भूमिकेतून. ज्या गावात राहायचे त्याच गावच्या दप्तरदाराविरुद्ध लिहायचे, हे पुण्या-मुंबईत बसून लिहिण्यापेक्षा फार अवघड. मी तालुक्यात काम केले आहे, म्हणून हे जाणतो. सकाळी ज्याच्याविरुद्ध बातमी लागली तोच संध्याकाळी पारावर समोर बसलेला असतो. मुकुंदराव 1967 मध्ये गेले. तोवर 57 वर्षे हे साप्ताहिक चालले.

'दीनमित्र' एकांगी होता, असे कोणी म्हणेल. होता. पण ती बाजू कोणी विकत घेतलेली नव्हती. माझ्या लेखी फरक तेवढाच आणि तो फार मोठा आहे.

*

डॉ. आंबेडकरांचा 'मूकनायक' 31 जानेवारी 1920 ला निघाला. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. डॉ. आंबेडकरांनी पुढे तसे लिहून ठेवले आहे. वृत्तपत्राने काय छापले यावरून पक्षपात मोजायची आपल्याला सवय आहे. काय छापले नाही, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

*

'सामना' 1988 मध्ये शिवसेनेचे मुखपत्र म्हणून निघाला हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. नानासाहेब परुळेकरांनी 1932 मध्ये काढलेला 'सकाळ' 1980 च्या दशकात पवार कुटुंबाकडे गेला, 'लोकमत' दर्डांचा, हेही लपलेले नाही. ही नावे माहीत असलेला वाचक आपल्या मनात वजाबाकी करून वाचतो. अडचण पुढे आहे.

*

ती अशी. तालुक्याच्या वार्ताहराला पगार नसतो. मिळाले तर किरकोळ मानधन, आणि खरी कमाई जाहिरातीवरच्या कमिशनची. जाहिरात देणार कोण? साखर कारखाना, दूध संघ, पतसंस्था, शिक्षण संस्था. महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात आमच्याच जिल्ह्यात, प्रवरानगरला, 1950 च्या सुमारास झाली. विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्याला सावकाराच्या हातून सोडवण्यासाठी तिथला कारखाना उभा केला. त्या कामाबद्दल मला आदर आहे. पण पुढे बहुतेक तालुक्यांत कारखान्याचा अध्यक्ष, आमदार, शाळेचा विश्वस्त आणि गळीत हंगामाच्या शुभारंभाची पानभर जाहिरात देणारा ही एकाच घरातली माणसे झाली. त्यांच्या वाढदिवसाची पुरवणी हे वार्ताहराच्या वर्षातले मोठे पीक. शुभेच्छुकांची नावे मीच गोळा करत असे, एकेकाकडून पैसे घेऊन.

एका वर्षी ऊस वजनकाट्याबद्दल शेतकऱ्यांची तक्रार घेऊन मी बातमी पाठवली. लागली नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला, पुरवणीचे टार्गेट किती बाकी आहे? बातमीचे नावही काढले नाही. मीही विचारले नाही. ते न विचारणे अजून सलते. ज्यांनी पावत्या आणून दाखवल्या होत्या त्यांच्यापैकी एक जण पुढे म्हणाला, "दादा, तुमचा पेपर आम्ही आता फक्त निधनवार्तेसाठी घेतो."

जाहिरात देणाऱ्या या मालकाचे नाव तळाच्या ओळीत येत नाही.

*

2009 ची विधानसभा निवडणूक. ऑक्टोबरात मुख्यमंत्री अशोक चव्हाणांची स्तुती करणारा एकच लेख, जवळजवळ शब्दन्‌शब्द सारखा, 'लोकमत', 'महाराष्ट्र टाइम्स' आणि 'पुढारी' या स्पर्धक दैनिकांत छापून आला. 'अशोक पर्व' नावाने पाने निघाली. पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त हे उघड केले. चव्हाणांनी निवडणूक खर्चात वृत्तपत्रांच्या जाहिरातींवर दाखवलेली रक्कम होती 5,379 रुपये. त्यांनी आरोप नाकारले, आणि 2014 मध्ये या खर्चाबद्दलची निवडणूक आयोगाची नोटीस दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली. तेही नोंदवले पाहिजे. पण वाचकाच्या मनातला प्रश्न कोर्टाच्या निकालाने मिटला नाही. पैसे देऊन बातम्या छापून घेण्याचे 'पॅकेज', हा शब्द त्या वर्षी खेड्यापाड्यांत पोहोचला. माझ्या गावचा पेपरवालाही तो वापरू लागला.

अशा विकत घेतलेल्या बातम्यांवर प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने, परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी या दोघांनी, 71 पानांचा अहवाल दिला. त्यात वृत्तपत्रांची नावे होती. कौन्सिलने 2010 मध्ये संक्षिप्त अहवालच स्वीकारला. पूर्ण अहवाल बाहेर आला 2011 मध्ये, केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर. ज्या माहितीच्या अधिकारासाठी राळेगणच्या अण्णा हजारेंनी महाराष्ट्रात उपोषणे केली, तोच अधिकार वृत्तपत्रांबद्दलची माहिती बाहेर काढायला वापरावा लागला. हे मला फार लागले.

*

2011 च्या ऑगस्टमध्ये रामलीला मैदानावरचे अण्णांचे उपोषण वाहिन्यांनी दिवसरात्र दाखवले. मार्च 2018 मध्ये अण्णा त्याच मैदानावर पुन्हा बसले. कॅमेरे विरळ. अण्णा पटोत न पटोत, त्यांच्या पारनेर तालुक्यातल्या माणसाने दोन्ही वेळा टीव्ही लावला होता.

*

खर्डा, जामखेड तालुका, 28 एप्रिल 2014. एका दलित शाळकरी मुलाचा खून. कोपर्डी, कर्जत तालुका, 13 जुलै 2016. एका मराठा शाळकरी मुलीवर अत्याचार आणि खून. दोन्ही खटले नगरच्या सत्र न्यायालयात चालले, दोन्हींचे निकाल नोव्हेंबर 2017 मध्ये लागले. कोपर्डीत तिघांना फाशीची शिक्षा. खर्ड्यात साक्षीदार फितूर झाले आणि आरोपी निर्दोष सुटले.

कोपर्डीचे लोक मला म्हणाले, पहिले काही दिवस पेपरवाल्यांनी आमच्याकडे पाहिले नाही. खर्ड्याच्या बाजूचे लोक म्हणाले, निकालानंतर आमच्याकडे कोणी फिरकले नाही. दोन वस्त्या, एकमेकींवर विश्वास नाही, आणि पत्रकारांबद्दल मात्र एकच मत. साक्षीदार का फिरले, हे गावात महिनाभर राहून शोधायला हवे होते. कमिशनवर जगणारा वार्ताहर महिनाभर राहणार कुठून? आणि त्याच तालुक्यात त्याला पुढे जाहिराती मागायच्या असतात.

*

एप्रिल 2021 मध्ये राहुरीत एका पत्रकाराचे भरदिवसा अपहरण झाले आणि खून झाला. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा विधिमंडळाने 2017 मध्येच मंजूर केला होता. सगळे वार्ताहर विकले गेलेत असे कोणी पारावर म्हणाले की मी राहुरीचे नाव घेतो.

*

वाचकांना विनंती आहे. तळाची ओळ वाचा. मग अंकातल्या मोठ्या जाहिराती कोणाच्या आहेत ते पाहा, आणि त्या नावांविरुद्धची बातमी वर्षभरात किती वेळा आली ते वहीत टिपून ठेवा. तुमच्या तालुक्यात एखादे साप्ताहिक वाढदिवसाच्या पुरवण्यांशिवाय तग धरून असेल, तर त्याची वर्गणी या महिन्यात भरा.